१:१६ टायगर रणगाड्याचं अपग्रेड: मोटर बदलण्याआधी आणि बदलताना

रिमोटवर चालणारा रणगाडा घेतला की महिन्याभरात हात शिवशिवायला लागतात. मेटल ट्रॅक टाकायचे असतात, जोरदार मोटर बसवायची असते, आवाज सुधारायचा असतो. मग बहुतेक जण पहिली ऑर्डर देतात ती मोटरचीच, आणि तिथेच गाडं फसतं. मोटर जास्त करंट ओढते, मूळ सर्किट बोर्डाचे मॉस्फेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जळतात. बोर्ड बदलला की गिअरबॉक्सचे दाते झिजतात. धातूचा गिअरबॉक्स घातला की प्लास्टिकच्या तळाचे स्क्रू-खांब चिरतात. प्रत्येक दुरुस्ती पुढचा कच्चा दुवा उघडा पाडते.

म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे. आधी मोजमाप, मग घर्षण, मग गिअरबॉक्स आणि तळ, मग मोटर, आणि सगळ्यात शेवटी इलेक्ट्रॉनिक्स. उदाहरण म्हणून हेंगलाँगचा १:१६ टायगर-१ घेतला आहे, कारण हा छंद लागलेल्यांकडे तो सर्रास सापडतो आणि त्याचे सुटे भागही मुबलक मिळतात. शर्मन, पँथर, टी-३४, लेपर्ड २ असं दुसरं काही असलं तरी पद्धत तीच, फक्त मापं बदलतात.

आधी आकडे लिहून काढा

एक वही घ्या. रणगाडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन करा, बॅटरीसकट. मूळ प्लास्टिकचा टायगर आणि धातूचे ट्रॅक, चाकं, तळ घातलेला टायगर यांच्या वजनात फार मोठा फरक पडतो, आणि पुढचं सगळं गणित याच आकड्यावर उभं राहतं. मी इथे ६ किलो धरतो. तुमचा आकडा तुमच्या काट्यावरून घ्या.

मग वेग. खऱ्या टायगरचा रस्त्यावरचा कमाल वेग ३८ ते ४५ किमीच्या दरम्यान सांगितला जातो. ४० धरला, तर १६ ने भागून ताशी २.५ किमी, म्हणजे सेकंदाला साधारण ०.७ मीटर. फरशीवर ५ मीटरच्या दोन खुणा करा आणि स्टॉपवॉच लावा. ७ सेकंदांच्या आसपास वेळ आली तर वेग प्रमाणात आहे. ३-४ सेकंदांत अंतर कापलं तर ते खेळणं दिसतं, रणगाडा नाही. माझं मत विचाराल तर प्रमाणापेक्षा थोडा हळूच बरा. ५७ टनांचं धूड आहे हे डोळ्याला पटायला हवं.

आता स्प्रॉकेटची (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाची) एक फेरी म्हणजे किती अंतर, ते मोजा. खऱ्या टायगरच्या स्प्रॉकेटला २० दाते आणि ट्रॅकच्या कड्यांमधलं अंतर १३० मिमी, म्हणजे एका फेरीला २.६ मीटर. मॉडेलवर ते साधारण १६ सेंमी भरतं. तुमच्या मॉडेलवर खडूची खूण करून खात्री करा. सेकंदाला ७० सेंमी जायचं तर स्प्रॉकेटने मिनिटाला सुमारे २६० फेरे मारायला हवेत. लोड असताना मोटर १२,००० फेऱ्यांवर फिरते असं धरलं, तर गिअरबॉक्समध्ये एकूण ४६ पट कपात लागेल.

हे गणित मुद्दाम दिलं, कारण बाजारात गिअरबॉक्सवर ३:१, ४:१, ५:१ असं छापलेलं असतं आणि नवख्या माणसाला वाटतं की तीच एकूण कपात. तसं असतं तर स्प्रॉकेट मिनिटाला चार हजार फेरे मारून रणगाडा मोटारसायकलीच्या वेगाने पळाला असता. ते आकडे एकमेकांशी तुलना करण्यापुरते घ्या: ३:१ म्हणजे वेगवान, ५:१ म्हणजे सावकाश पण ताकदवान. खरी कपात हवी असेल तर प्रत्येक गिअरचे दाते मोजा आणि टप्प्याटप्प्याचे भागाकार एकमेकांनी गुणा. दहा मिनिटांचं काम आहे.

ताकद नेमकी कुठे लागते

लोकांना वाटतं चढावर. ६ किलोचा रणगाडा ३० अंशांच्या चढावर चढवायला दोन्ही बाजू मिळून ३ किलोचा जोर लागतो, म्हणजे प्रत्येक ट्रॅकला दीड किलो. स्प्रॉकेटची परिणामी त्रिज्या अडीच सेंमी धरली तर प्रत्येक आउटपुट शाफ्टवर पावणेचार किलो-सेंमी टॉर्क. त्यात ट्रॅकचं स्वतःचं घर्षण वेगळं.

पण सपाट गालिच्यावर जागच्या जागी गिरकी घेतानाही जवळपास तेवढाच जोर लागतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. गिरकी घेताना ट्रॅकची टोकं जमिनीवर आडवी घासतात. त्याचा ढोबळ हिशेब असा: घर्षणांक गुणिले वजन गुणिले ट्रॅकची जमिनीवर टेकलेली लांबी, भागिले दोन ट्रॅकमधल्या अंतराची चौपट. टायगरमध्ये टेकलेली लांबी सुमारे ३.६ मीटर आणि दोन ट्रॅकच्या मध्यरेषांमधलं अंतर सुमारे २.८, म्हणजे गुणोत्तर १.२८. घर्षणांक ०.६ धरला तर प्रत्येक ट्रॅकला १.१५ किलोच्या आसपास जोर येतो. म्हणजे दिवाणखान्यात फिरकी मारणं हे २२ अंशांचा चढ चढण्याइतकं आहे, आणि ते तुम्ही दर मिनिटाला करता. पँथरमध्ये हेच गुणोत्तर दीडच्या घरात जातं, त्यामुळे तो टायगरपेक्षाही वळायला जड. बोर्ड जळण्याच्या तक्रारी चढावर कमी आणि जाड गालिच्यावर जास्त येतात, त्याचं कारण हे.

घर्षण काढा, तीच पहिली स्वस्त ताकद

बॅटरी आणि रणगाडा यांच्यामध्ये छोटा वॉटमीटर लावा. विमानांच्या छंदवाल्यांकडे मिळतो तोच. नसेल तर डीसी मोजणारा क्लॅम्पमीटर चालेल. साध्या मल्टिमीटरचा १० अँपिअरचा सॉकेट थोडा वेळ वापरता येतो, पण गिरकीच्या वेळी त्याचा फ्यूज उडू शकतो.

चार आकडे टिपा: ट्रॅक काढून ठोकळ्यावर ठेवलेला रणगाडा, ट्रॅक घालून ठोकळ्यावरच, फरशीवर सरळ चालताना, आणि गालिच्यावर गिरकी घेताना. पहिल्या दोन आकड्यांत मोठी उडी दिसली तर दोष मोटरचा नाही, ट्रॅकचा आहे. बहुधा ट्रॅक फार ताणलेले असतात. टायगरचा ट्रॅक वरच्या बाजूला मधल्या चाकांवर किंचित ढिला टेकलेला दिसायला हवा. मागच्या आयडलरचा (ट्रॅक ताणून धरणाऱ्या टोकाच्या चाकाचा) स्क्रू सैल करून तो थोडा पुढे घ्या. धातूचे नवे ट्रॅक कडक असतात. प्रत्येक पिन बोटाने हलवून बघा, जिथे अडकते तिथला बर (धातूची उरलेली कड) बारीक कानशीने घासा, आणि ठोकळ्यावर अर्धा तास दोन्ही दिशांना फिरू द्या. तेल लावू नका; घरातली धूळ आणि केस तेलाला चिकटून त्याची खळ होते.

ट्रॅक काढलेले असतानाच रोडव्हील (जमिनीवरून चालणारी चाकं) एकेक करून बोटाने फिरवा. टायगरची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे एखादा वाकडा आस शेजारच्या दोन चाकांना घासतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चाकांमध्ये कागदाची पट्टी सरकवा. जिथे अडते तिथे पातळ वायसर घालून चाक बाहेर घ्या.

हे सगळं करून पुन्हा चार आकडे टिपा. पुष्कळदा इथेच करंट इतका उतरतो की मोटर बदलायची गरज उरत नाही. असं झालं तर पैसे वाचले म्हणा आणि थेट इलेक्ट्रॉनिक्सकडे वळा.

गिअरबॉक्स निवडणं आणि बसवणं

जुन्या संचांत प्लास्टिकचे दाते असतात. धातूचे ट्रॅक घातले की ते फार टिकत नाहीत. टायगन, माटो, तोरो आणि खुद्द हेंगलाँगचे स्टीलच्या गिअरचे बॉक्स मिळतात. घेताना तीन गोष्टी पक्क्या करा. एक, बॉक्स टायगरचाच हवा. डावा आणि उजवा आरशातल्या प्रतिमेसारखे वेगळे असतात. दोन, आउटपुट शाफ्टची लांबी. प्लास्टिक आणि धातूच्या स्प्रॉकेटसाठी ती वेगळी असू शकते. जुन्या शाफ्टची बाहेर आलेली लांबी व्हर्नियरने मोजून विक्रेत्याला विचारा. तीन, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. टायगर, पँथर, शर्मन, पँझर ३ आणि ४ यांचं स्प्रॉकेट पुढे असतं. टी-३४, लेपर्ड, एब्रम्स, चॅलेंजरचं मागे. त्यामुळे एकाचा बॉक्स दुसऱ्यात जुगाड करून बसवायच्या फंदात पडू नका, शक्य असलं तरी.

नवा बॉक्स पिशवीतून काढून थेट बसवायचा नाही. तो उघडायचा. झाकणाचे स्क्रू काढण्याआधी फोनवर दोन फोटो काढा, वायसर कुठे किती आहेत ते दिसतील असे. आत बहुधा काळपट ग्रीस आणि त्यात धातूचा चुरा असतो. पेट्रोल नको, रॉकेल किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा, ब्रशने दाते साफ करा, वाळवा. मोटर काढलेल्या स्थितीत झाकण पुन्हा लावा आणि आउटपुट शाफ्ट दोन बोटांनी फिरवा. तो एकसारखा फिरायला हवा. फेरीत एकाच जागी जड लागत असेल तर त्या शाफ्टवरचा गिअर वाकडा बसलाय किंवा दात ठेचलेला आहे. सगळीकडेच जड असेल तर झाकण दाबतंय: आडवा प्ले (हलायला मोकळीक) नाही. ०.१ किंवा ०.२ मिमीचा एखादा वायसर काढून बघा. उलट शाफ्ट आडवा खडखडत असेल तर वायसर घाला. हे काम कंटाळवाणं आहे, पण संपूर्ण अपग्रेडमधला सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. नीट शिम केलेला (वायसर घालून-काढून जुळवलेला) स्वस्त बॉक्स न उघडलेल्या महागड्या बॉक्सपेक्षा शांत चालतो.

शाफ्ट बुशमध्ये फिरत असतील तर बेअरिंग घालायची ही वेळ. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी मोजा. अशी छोटी बेअरिंगं शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात नंबरावर मिळतात. धातूच्या दात्यांना पांढरं लिथियम ग्रीस पुरतं, दात्यांवर पातळ थर बसेल इतकंच. प्लास्टिकचा गिअर असलेल्या टप्प्याला सिलिकॉन ग्रीस. बॉक्सच्या धातूच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर लावा, पण तेच थ्रेडलॉकर प्लास्टिकच्या तळाला लागू देऊ नका. त्याने एबीएस प्लास्टिक ठिसूळ होऊन चिरतं.

प्लास्टिकच्या तळात धातूचा बॉक्स चार छोट्या खांबांवर उभा असतो, आणि गिरकीचा सगळा उलटा जोर त्या खांबांवर येतो. खांबांचे आटे गेले की बॉक्स डुलायला लागतो, स्प्रॉकेट तिरपं होतं आणि ट्रॅक उतरतो. त्यावर साधा इलाज: २ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी दोन्ही बॉक्सच्या खालून आडवी घाला आणि स्क्रू तळातून आरपार नेऊन पट्टीत किंवा नटमध्ये आवळा. दोन्ही बॉक्स एकाच पट्टीला बांधले गेले की एकाचा जोर दुसऱ्याच्या विरुद्ध जातो आणि तळाला फारसं काही सोसावं लागत नाही. धातूचा तळ घेणार असाल तर हा प्रश्नच मिटतो, पण वजन वाढतं आणि वजनाचा हिशेब पुन्हा पहिल्या पानापासून करावा लागतो.

मोटर

या रणगाड्यांत बहुधा ३८० जातीची ब्रश मोटर असते: व्यास २७.७ मिमी, शाफ्ट २.३ मिमी. तिच्या वरची पायरी ३९०. व्यास तोच, डबा लांब. लांब डबा म्हणजे जास्त लोखंड, जास्त टॉर्क. मात्र दोन्ही बाजूंच्या मोटरी एकमेकींना टेकणार नाहीत ना, हे आधी पुठ्ठ्याचा तुकडा कापून आत ठेवून बघा. ५४० चा विचार सोडून द्या. तिचा शाफ्ट ३.१७ मिमी, व्यास ३६ मिमीच्या आसपास. पिनियनही (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) बसत नाही आणि बोर्डही पुरत नाही.

मोटर निवडताना 'फास्ट' लिहिलेली टाळा. ज्या मोटरचा आरपीएम कमी आणि टॉर्क जास्त तीच रणगाड्याची. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: टायमिंग. शर्यतीच्या गाड्यांच्या काही ब्रश मोटरींत ब्रश एका दिशेला किंचित सरकवलेले असतात, म्हणजे ती दिशा जास्त वेगवान. रणगाड्यात दोन्ही बॉक्स आरशातले असल्याने पुढे जाताना डावी मोटर एका दिशेला आणि उजवी उलट दिशेला फिरते. टायमिंग दिलेल्या दोन मोटरी घातल्या की रणगाडा कायम एका बाजूला ओढतो आणि रिव्हर्समध्ये दुसऱ्या बाजूला. म्हणून तटस्थ टायमिंगचीच जोडी घ्या, एकाच लॉटमधली.

बोर्ड निवडण्याआधी मोटरचा स्टॉल करंट काढा. बेंच पॉवर सप्लाय लागेल. व्होल्टेज दीडवर आणा, मोटरचा शाफ्ट पक्कडीत धरून अडवा, आणि दोन सेकंद करंट बघा; जास्त वेळ धरलंत तर ब्रश जळतात. समजा ३ अँपिअर दिसले. १.५ भागिले ३, म्हणजे आतला रोध अर्धा ओम. पूर्ण चार्ज झालेल्या दोन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर ८.४ व्होल्ट असतात, म्हणजे ही मोटर अडकली तर १६.८ अँपिअर ओढेल. दोन मोटरी मिळून ३३ च्या वर. बोर्डाला हा करंट काही क्षण सोसता आला पाहिजे आणि फ्यूजने त्यानंतर तोडला पाहिजे. विक्रेत्याच्या पानावरचा आकडा आणि हा आकडा जुळेलच असं नाही. हातातल्या मोटरवर विश्वास ठेवा.

नव्या ब्रशना बसायला वेळ द्या. २ ते ३ व्होल्टवर, लोड न देता, दोन्ही दिशांना थोडा थोडा वेळ फिरवा. मग नॉइज कपॅसिटर: ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक, ज्यांच्यावर १०४ लिहिलेलं असतं. एक दोन टर्मिनलांमध्ये, आणि प्रत्येक टर्मिनलपासून डब्याला एकेक. डब्यावर सोल्डर बसत नाही अशी ओरड असते. जागा पॉलिश पेपरने घासा, फ्लक्स लावा, ६० वॉटचं जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि झटपट उरका. २५ वॉटचं मिनिटभर टेकवून ठेवलं तर आतला चुंबक तापतो.

पिनियन बसवताना जुन्या वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि पहिल्या गिअरमध्ये घाला, मोटर दाबून धरा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दात्यांच्या घड्या उमटाव्यात पण कागद फाटू नये. फाटला तर दाते फार जवळ आलेत.

एका बाजूला ओढण्याची तक्रार उरलीच, तर अंदाज बांधत बसू नका. डावी मोटर उजवीकडे आणि उजवी डावीकडे घाला. ओढ बाजू बदलून आली तर दोष मोटरचा. तिथेच राहिली तर गिअरबॉक्स किंवा ट्रॅकचा.

ब्रशलेसबद्दल विचारणा नेहमी होते. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी सावकाश चालताना झटके देते, आणि रणगाड्याचं निम्मं सौंदर्य त्या सावकाश चालण्यातच आहे. सेन्सरवाली घेणार असाल तर गोष्ट वेगळी, पण खर्च पार वेगळ्या पातळीवर जातो.

बॅटरी आणि वायरी

जुन्या संचांत ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड, नव्यांत ७.४ व्होल्टची लिथियम येते. दोन सेलची लिपो घालणार असाल तर कमी व्होल्टेजचा बझर बॅलन्स प्लगला लावाच. जुने बोर्ड बॅटरी संपत आली तरी ओढतच राहतात. सेल ३.३ व्होल्टला आला की थांबा. महिनाभर खेळणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवा. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर, क्षमतेइतक्याच करंटने, माणूस समोर असताना. आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रणगाडा बॅटरीसकट ठेवायचा नाही, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात.

बॅटरीपासून बोर्डापर्यंत १६ गेजची सिलिकॉन वायर, मोटरीला १८ गेज. जुना पांढरा टॅमिया कनेक्टर काढून एक्सटी६० लावा. पॉझिटिव्ह वायरीत गाड्यांचा ब्लेड फ्यूज, होल्डरसकट. १५ अँपिअरपासून सुरुवात करा. गिरकीत उडत असेल तर आधी घर्षण तपासा, मग २० चा विचार करा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, अशा ठिकाणी वायर, फ्यूज, कपॅसिटर, स्विच सगळं चिल्लर मिळतं. बाहेरून मागवायची गरज फक्त गिअरबॉक्स आणि बोर्डाची.

इलेक्ट्रॉनिक्स: तीन वाटा

मूळ बोर्डावर रिसीव्हर, मोटर ड्रायव्हर, टरेट (तोफेचा फिरणारा वरचा भाग), आवाज, धूर सगळं एकत्र असतं. ३८० मोटर आणि नीट चालणारे बॉक्स असतील तर हेंगलाँगचा ७.० बोर्ड, त्याच्याच ट्रान्समीटरसह, पुष्कळांना पुरतो. ६.० वरून ७.० वर जाणं ही सगळ्यात सोपी वाट. मात्र एक पंगुत्व राहतं: तो रेडिओ आणि तो बोर्ड एकमेकांना बांधलेले. वेगवाढ किती संथ, गिरकी किती, हे तुमच्या हातात फारसं राहत नाही.

दुसरी वाट म्हणजे छंदाच्या कोणत्याही रेडिओला जोडता येणारा तयार मल्टिफंक्शन बोर्ड. क्लार्क आणि एलमॉड या नावाने असे बोर्ड मिळतात. यात आवाजाचे संच, तोफेचा मागचा धक्का, ट्रॅक झटका देऊन थांबणं, हे सगळं सेट करता येतं. पैसे असतील आणि सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर हेच घ्या.

तिसरी वाट माझ्या आवडीची: सगळं सुटं. ओपन पँझर हा खुला प्रकल्प आहे. त्याच्या टँक कंट्रोल बोर्डात आर्डुइनो मेगावरचाच एटीमेगा२५६० असतो, आराखडे आणि फर्मवेअर मोकळे. मोटरींसाठी वेगळा ड्रायव्हर, उदाहरणार्थ सेबरटूथ २x१२: प्रत्येक बाजूला सतत १२ अँपिअर, क्षणिक २५. वर काढलेल्या १६.८ च्या मोटरीला तो पुरतो. एखादा भाग जळला तर तेवढाच बदलायचा, हा मोठा फायदा. सुरुवातीला सेटिंग समजायला दोन-चार संध्याकाळी जातात, हा तोटा.

स्वतः जुळवाजुळव करणारे दोन साधे कार ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) आणि रेडिओतलं मिक्सिंग (एका स्टिकने दोन्ही मोटरी चालवणं) वापरायला बघतात. त्यात दोन खाचा आहेत. कारचा ईएससी पुढून मागे जाताना आधी ब्रेक लावतो, मग स्टिक मध्यावर आणून पुन्हा ओढली तर रिव्हर्स देतो. गिरकीत एक ट्रॅक झटकन उलटा फिरायला हवा, तिथे हा अडून बसतो. थेट पुढे-मागे जाणारा, क्रॉलरचा मोड असलेला ईएससी हवा. दुसरी खाच: दोन्ही ईएससी रिसीव्हरला ५ व्होल्ट देतात. त्यांपैकी एकाची लाल वायर प्लगमधून काढून टेपने बांधा. सर्वो आणि आवाजासाठी वेगळा ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा बीईसी (बॅटरीतून ५ व्होल्ट देणारं छोटं सर्किट) लावलात तर दोन्हींच्या लाल वायरी काढायच्या. काळ्या वायरी मात्र सगळ्यांच्या एकत्रच असल्या पाहिजेत.

रेडिओसाठी फ्लायस्कायचा एफएस-आय६ आणि आयए६बी रिसीव्हर स्वस्त आणि पुरेसा. तो पीपीएम (सगळ्या चॅनेलचे सिग्नल एकाच वायरीवर) देतो, आणि टँक कंट्रोल बोर्ड पीपीएम वाचतो. विमानाच्या रेडिओत डाव्या हाताची उभी स्टिक स्प्रिंगशिवाय असते, सोडली की तिथेच राहते. रणगाड्याचं पुढे-मागे त्या स्टिकवर ठेवू नका. उजवी स्टिक दोन्ही अक्षांत मध्यावर परतते, चालवणं आणि वळणं तिच्यावर. डाव्या आडव्या अक्षावर टरेट, उभ्यावर तोफेची उंची. फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरची स्थिती) मध्यावर सेट करा, ट्रान्समीटर बंद करून तपासा: रणगाडा थांबलाच पाहिजे. धातूचा तळ असेल तर अँटेना वरच्या प्लास्टिकच्या भागात न्या. धातूच्या डब्यात गुंडाळून ठेवलेली २.४ गिगाहर्ट्झची अँटेना पंधरा-वीस पावलांवरच दगा देते.

जोडणीचा क्रम: आधी फक्त रिसीव्हर आणि कंट्रोल बोर्ड, मोटर न जोडता. स्टिक हलवून दिवे आणि आकडे बघा. मग ड्रायव्हर, मग एक मोटर ठोकळ्यावर, मग दुसरी. पुढे ढकलल्यावर एखादा ट्रॅक उलटा फिरला तर त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. टरेट आणि आवाज सर्वांत शेवटी. टरेटमधून येणाऱ्या वायरी मोकळ्या पिळाव्यात इतकी ढील ठेवा, किंवा टरेट गोल गोल फिरवायचं असेल तर स्लिप रिंग (फिरतानाही वायरी जोडलेल्या ठेवणारी कडी) घाला.

सेटिंग: रणगाडा कसा वळायचा

इथे खऱ्या यंत्राची माहिती उपयोगी पडते. टायगर जागच्या जागी, दोन्ही ट्रॅक उलटसुलट फिरवून वळू शकायचा. शर्मनच्या कंट्रोल्ड डिफरन्शियलला ते जमत नसे. तो नेहमी पुढे सरकतच मोठं वळण घ्यायचा. टी-३४ एका बाजूचा क्लच सोडून ब्रेक लावायचा, त्यामुळे एक ट्रॅक थांबून दुसरा फिरे. ओपन पँझरमध्ये जागची गिरकी बंद करण्याचा पर्याय आहे. शर्मनमध्ये तो बंद करा. चालवणं खरं वाटतं, आणि मोटरींवरचा सर्वांत मोठा बोजा आपोआप जातो. टायगरमध्ये गिरकी ठेवा, पण तिचा वेग निम्म्यावर आणा.

वेगवाढीचा रॅम्प असा ठेवा की शून्यापासून पूर्ण वेगाला यायला दोन-तीन सेकंद लागतील, आणि ब्रेकिंग त्याहून थोडं कडक. मागे जाताना कमाल वेग निम्मा. इंजिनाचा आवाज आधी चढावा आणि मग ट्रॅक हलावेत, यासाठी सुरुवातीला अर्ध्या सेकंदाचा विलंब दिला की दृश्य एकदम बदलतं.

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला गेलात तर विजयंता आणि सेंच्युरियनच्या बाजूला उभे राहून ट्रॅकची ढील, स्प्रॉकेटच्या दात्यांची झीज, मडगार्डवरच्या चिखलाच्या रेषा बघा. हे दोन्ही मागच्या स्प्रॉकेटचे आहेत. टायगर तिथे नाही, पण जड ट्रॅक चाकांवर कसा लोंबतो ते समजतं, आणि आयडलरचा स्क्रू किती फिरवायचा ते मग हाताला आपोआप कळतं.

शेवटची चाचणी सुरुवातीच्या चार आकड्यांचीच. तोच गालिचा, तीच बॅटरी, पूर्ण चार्ज. गिरकीचा करंट ड्रायव्हरच्या सतत सोसण्याच्या मर्यादेच्या निम्म्यात बसला तर झाकण लावा. पंधरा मिनिटं चालवून मोटरच्या डब्याला बोट लावा. तीन सेकंद बोट टिकलं तर ठीक. नाही टिकलं तर एक पायरी कमी दात्यांचा पिनियन घाला किंवा ५:१ च्या बॉक्सकडे जा. बॅटरी मात्र मोठी करू नका, त्याने मोटर थंड होत नाही, फक्त जास्त वेळ तापत राहते.